मत नसलेल्या खुर्चीची निवडणूक : वॉशिंग्टन, १९७१

२३ मार्च १९७१, मंगळवार. त्या दिवशी वॉशिंग्टन डी. सी.च्या मतदारांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर आपला माणूस पाठवण्यासाठी मतदान केलं. याआधी असा माणूस तिथे होता तो १८७५ पर्यंत. मधल्या शहाण्णव वर्षांत या शहराचं तिथे कोणीच नव्हतं. निवडून येणाऱ्याला सभागृहात खुर्ची, पगार आणि कार्यालय मिळणार होतं, भाषण करता येणार होतं, विधेयक मांडता येणार होतं. फक्त मत देता येणार नव्हतं.

आपल्याकडे महापालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात. त्यांनाही सभागृहात बोलता येतं, हात मात्र वर करता येत नाही. पण स्वीकृत नगरसेवक नेमला जातो, त्याच्यासाठी कोणी प्रचारसभा घेत नाही की घरोघर फिरत नाही. वॉशिंग्टनमध्ये याच दर्जाच्या जागेसाठी आधी पक्षांतर्गत फेरी झाली, मग सहा जणांची लढत झाली आणि लाखावर लोकांनी मतदान केलं. हात वर न करता येणाऱ्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. या प्रकरणाचं उत्तर मतमोजणीच्या दिवशी मिळत नाही. ते पुढच्या दीड वर्षात मिळतं, तेही वॉशिंग्टनपासून शेकडो मैल दूर, साउथ कॅरोलायनातल्या तंबाखूच्या शेतांच्या मुलखात.

शहर कोणाचं

१९७०च्या जनगणनेत वॉशिंग्टनची लोकसंख्या ७ लाख ५६ हजार होती. त्या वेळी दहा राज्यांची लोकसंख्या याहून कमी होती आणि त्या प्रत्येक राज्याला दोन सिनेटर होते. वॉशिंग्टन कोणत्याच राज्यात नाही. राज्यघटनेने राजधानीचा मुलूख थेट काँग्रेसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या अमेरिकी संसदेच्या, ताब्यात दिला. १८७१ मध्ये शहराला एक प्रतिनिधी मिळाला, नॉर्टन चिपमन. पण शहराचा कारभार कर्जात बुडाला तेव्हा १८७४ मध्ये काँग्रेसने स्थानिक सरकारच मोडीत काढलं, आणि चिपमनची मुदत संपल्यावर ती जागाही गेली. पुढची जवळपास शंभर वर्षं राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले तीन आयुक्त शहर चालवत होते. आपल्याकडे महापालिका बरखास्त करून प्रशासक नेमतात तसाच प्रकार, फक्त इथला प्रशासक शतकभर उठलाच नाही.

इथल्या लोकांना राष्ट्राध्यक्षासाठीही मत नव्हतं. ते १९६१च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने मिळालं आणि १९६४ मध्ये पहिल्यांदा वापरता आलं. कर मात्र ते सगळे भरत होते आणि लष्करातही भरती होत होते.

दिल्लीकर वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण दिल्ली सात खासदार निवडून देते. वॉशिंग्टनच्या गोष्टीत एक वेगळा पदर आहे, आणि तो झाकून हे प्रकरण समजत नाही. १९५०च्या दशकात हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेलं पहिलं मोठं शहर झालं. १९७० मध्ये दर दहा रहिवाशांत सात कृष्णवर्णीय होते. आणि या शहराचे कायदे ज्या समितीच्या हातात होते, त्या प्रतिनिधिगृहाच्या डिस्ट्रिक्ट समितीवर दक्षिणेतल्या वर्णभेदवादी खासदारांचा पगडा होता.

समितीचे अध्यक्ष होते साउथ कॅरोलायनाचे जॉन मॅकमिलन. १९३९ पासून प्रतिनिधिगृहात, आणि मधली काही वर्षं सोडली तर दोन दशकांहून जास्त काळ या समितीच्या शिखरावर. ज्येष्ठतेच्या नियमामुळे त्यांना हलवणं कोणाला शक्य नव्हतं. शहराला स्वराज्य देणारी विधेयकं सिनेटने वेळोवेळी मंजूर केली, ती या समितीत येऊन अडकायची. वॉशिंग्टनचा एकही माणूस मॅकमिलनना मत देत नव्हता, त्यामुळे वॉशिंग्टनच्या रागाची त्यांना पर्वा करायचं कारण नव्हतं. त्यांचे मतदार होते साउथ कॅरोलायनातल्या फ्लोरेन्स गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले.

१९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयुक्तांची पद्धत मोडली आणि वॉल्टर वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची महापौर-आयुक्त म्हणून नेमणूक केली. (शहराचं नाव आणि महापौराचं आडनाव एक, हा निव्वळ योगायोग.) या नव्या महापौराने पहिला अर्थसंकल्प समितीकडे पाठवला तेव्हा मॅकमिलननी त्यांच्या कार्यालयात गाडीभर कलिंगडं पाठवली, ही हकीकत त्या शहरात आजही सांगितली जाते. आपल्याला कलिंगड म्हणजे उन्हाळ्याची भेट. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला हिणवण्याची ती जुनी, ठरलेली खूण आहे. शहराचा मालक कोण, हे त्या गाडीने सांगितलं होतं.

जागा कशी मिळाली

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये प्रतिनिधित्व द्यावं असा संदेश काँग्रेसला पाठवला. पूर्ण मताधिकारासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि त्याला वेळ लागेल, तोवर निदान बिनमताचा प्रतिनिधी तरी द्या, अशी त्याची मांडणी होती. कायदा झाला आणि २२ सप्टेंबर १९७० रोजी निक्सन यांची सही झाली. चर्चेचा अधिकार आहे, मतदानाचा नाही, इतकं स्वच्छ त्यात लिहिलं होतं.

एक खिडकी मात्र उघडी राहिली. भरसभागृहात मत नसलं, तरी समितीत मत असू शकतं, कारण समितीचे नियम सभागृह स्वतः ठरवतं. नव्या प्रतिनिधीला डिस्ट्रिक्ट समितीत जागा आणि मत मिळणार होतं. म्हणजे मॅकमिलन ज्या टेबलाच्या शेंड्यावर बसत, त्याच टेबलाच्या कडेला. अमेरिकेत कायद्याचं खरं शिजवणं समितीत होतं, सभागृहात ताट वाढलं जातं. तेव्हा हे काही थोडं नव्हतं, पण अध्यक्ष मॅकमिलन असेपर्यंत फार काही होतं असंही म्हणता येत नाही.

कोण उभे राहिले

शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं पारडं इतकं जड होतं की खरी लढत १२ जानेवारी १९७१च्या पक्षांतर्गत फेरीतच झाली. तिथे नावं मोठी होती. चॅनिंग फिलिप्स हे धर्मगुरू. १९६८च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव पुकारलं गेलेले, मोठ्या पक्षाचे पहिले कृष्णवर्णीय. जोसेफ येल्डेल हे नेमलेल्या नगरपरिषदेतले. आणि वॉल्टर फाँट्रॉय.

फाँट्रॉय याच शहरात १९३३ मध्ये जन्मले. शॉ या कृष्णवर्णीय वस्तीतल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे ते पाळक होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं वॉशिंग्टन कार्यालय त्यांनी सांभाळलं, आणि १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या जुळवाजुळवीत ते होते. पुढे ते नगरपरिषदेचे उपाध्यक्ष झाले, तेही नेमणुकीनेच. शॉच्या पुनर्विकासात बुलडोझर आधी आणि माणसं नंतर असं होऊ नये म्हणून त्यांनी रहिवाशांची संघटना उभी केली होती. १९६८च्या एप्रिलमध्ये किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटलं, त्यात शॉ आणि त्याच्या आजूबाजूचे रस्ते जळाले.

त्यांच्या प्रचाराला किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग आल्या. चर्चचं जाळं कामाला लागलं. फाँट्रॉय गळ्याने गोड होते आणि सभेत गायचे. आपल्याकडच्या कीर्तनकाराला जी पकड असते, ती त्यांना होती. त्यांनी सुमारे ४४ टक्के मतं घेऊन ही फेरी जिंकली.

मार्चच्या अंतिम लढतीत समोर रिपब्लिकन जॉन नेव्हिअस होते. गोरे, वकील, नगरपरिषदेवर काम केलेले, सभ्य गृहस्थ. हरणार हे बहुधा त्यांनाही ठाऊक असावं. मला या निवडणुकीत रस वाटतो तो बाकीच्यांपैकी दोघांमुळे.

पहिले ज्युलियस हॉब्सन. शहरातले सगळ्यांत तिखट आंदोलक. गरीब वस्तीत उंदरांचा सुळसुळाट आहे आणि कोणी बघत नाही, तर पकडलेले उंदीर जॉर्जटाउनच्या श्रीमंत गल्ल्यांत सोडतो, अशी धमकी त्यांनी दिली होती. शाळांमध्ये मुलांना वर्गवारीने वेगळं पाडण्याविरुद्ध ते कोर्टात गेले आणि १९६७ मध्ये जिंकले. १९७१ मध्ये ते नव्या स्टेटहूड पक्षातर्फे उभे होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : वॉशिंग्टनला राज्य करा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, काँग्रेसचं साधं बहुमत पुरतं. ही बिनमताची खुर्ची म्हणजे भुकेल्याला जेवणाचा वास.

जी जागा खोटी म्हणायची तिच्यासाठीच उभं राहायचं, यात विसंगती आहे. ती हॉब्सनना दिसत नसेल असं नाही. पण शहरातली दुसरी कोणतीच निवडणूक हे बोलायला व्यासपीठ देत नव्हती. शाळामंडळ सोडलं तर तोवर स्थानिक काही निवडून द्यायचंच नसे.

दुसरे फ्रँक कॅमेनी. खगोलशास्त्रात हार्वर्डची डॉक्टरेट. समलिंगी असल्यावरून १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून काढलेले, आणि तेव्हापासून सरकारशी भांडत राहिलेले. काँग्रेसच्या निवडणुकीला उघडपणे समलिंगी म्हणून उभे राहणारे ते पहिले उमेदवार. सभागृहात मत नसलेल्या जागेसाठी सरकारी नोकरी नाकारली गेलेला माणूस उभा राहतो, याला मी योगायोग म्हणणार नाही. जिथे जिंकून हाती फार काही लागणार नाही, तिथे हरण्याची भीतीही कमी असते, आणि मग ज्यांना काही सांगायचं आहे ते पुढे येतात.

निकाल : फाँट्रॉय ५८ टक्के, नेव्हिअस २५, हॉब्सन १३, कॅमेनी दीड टक्क्याच्या जरा वर. कॅमेनींच्या प्रचारासाठी जमलेली माणसं निकालानंतर पांगली नाहीत, त्यातून शहरातली समलिंगी हक्कांची एक टिकाऊ संघटना उभी राहिली.

हात नाही, तर हात कुठून आणायचा

खरं प्रकरण इथून सुरू होतं. फाँट्रॉय सभागृहात पोचले. त्याच वर्षी कृष्णवर्णीय खासदारांचा गट स्थापन झाला, त्याच्या तेरा संस्थापकांत ते एक होते. बारा जणांकडे मत होतं, तेराव्याकडे नव्हतं. डिस्ट्रिक्ट समितीत मॅकमिलन होतेच.

फाँट्रॉय यांनी हिशेब मांडला तो असा. वॉशिंग्टनचा मतदार मॅकमिलनना हात लावू शकत नाही. पण मॅकमिलन यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने राहतात. १९६५च्या मताधिकार कायद्याने त्यांची नोंदणी आता अडवता येत नाही. आणि वॉशिंग्टनमधली असंख्य कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी कॅरोलायना आणि व्हर्जिनियामधूनच आलेली आहेत. त्यांचे मामा, आत्या, आजी अजून तिथेच आहेत.

मुंबईच्या गिरणगावात किंवा कोकणातल्या वाडीत वाढलेल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. चाकरमान्याचं मत गावात नसतं, पण गावात कोणाला मत पडावं यावर त्याचं वजन असतं. गणपतीला आला की तो बोलतो, पत्र टाकतो, आणि वेळ आली तर गाडी करून येतो. फाँट्रॉय यांनी वॉशिंग्टनमधून बसगाड्या भरून स्वयंसेवक साउथ कॅरोलायनात नेले. मतदार नोंदवले, चर्चमधून फिरले, मतदानाच्या दिवशी माणसं बाहेर काढली. १९७२च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत लढतीत मॅकमिलन यांना जॉन जेन्रेट या तरुण उमेदवाराने हरवलं.

गंमत पुढे आहे. जेन्रेट नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराकडून पडले. म्हणजे त्या मतदारसंघापुरता विचार केला तर सगळी मेहनत पाण्यात गेली. वॉशिंग्टनला मात्र त्याने काही फरक पडत नव्हता. तिथे कोण येतो यापेक्षा मॅकमिलन जातात हे महत्त्वाचं होतं.

श्रेय वाटताना हात जरा आखडता घ्यायला हवा. मॅकमिलन सत्तरी ओलांडलेले होते, मतदारसंघ बदलत होता, स्थानिक कार्यकर्ते आधीपासून काम करत होते. एकट्या फाँट्रॉय यांनी त्यांना पाडलं असं म्हणणं म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांची मेहनत वॉशिंग्टनच्या खात्यात टाकणं. पण ही दोन ठिकाणं जोडली पाहिजेत, हे ज्याला दिसलं तो माणूस खुर्चीवर होता आणि खुर्चीमुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

१९७३ मध्ये समितीचे अध्यक्ष झाले मिशिगनचे चार्ल्स डिग्ज, स्वतः कृष्णवर्णीय. वर्षानुवर्षं अडकलेलं स्वराज्याचं विधेयक त्याच वर्षी समितीतून बाहेर पडलं, आणि २४ डिसेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी त्यावर सही केली. सभागृहात ते मंजूर व्हावं म्हणून फाँट्रॉय यांनी पुन्हा तीच रीत वापरली. दक्षिणेतल्या ज्या खासदारांच्या मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार लक्षणीय होते, त्यांच्यावर त्यांच्याच गावातून दबाव आणायचा. मतदानाच्या वेळी फाँट्रॉय यांनी फक्त पाहिलं. नोव्हेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनने शतकभरानंतर आपला महापौर निवडला, आणि निवडून आले तेच वॉल्टर वॉशिंग्टन, ज्यांच्याकडे कलिंगडांची गाडी गेली होती. हॉब्सनही त्याच वर्षी नव्या नगरपरिषदेवर निवडून आले.

त्या स्वराज्याला बेड्या होत्याच. नगरपरिषदेने केलेला प्रत्येक कायदा काँग्रेसपुढे ठेवावा लागतो. अर्थसंकल्पावर काँग्रेसचा हात राहिला. रोज सकाळी व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधून येऊन शहरात कमावणाऱ्यांच्या उत्पन्नावर कर लावायला बंदी आहे. आणि शहराचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात.

हॉब्सनचं काय

फाँट्रॉय यांच्या पद्धतीला मर्यादा होती, आणि ती १९७८ मध्ये उघडी पडली. वॉशिंग्टनला राज्याप्रमाणे सिनेटर आणि मत असलेले प्रतिनिधी द्यावेत अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर केली. ही फाँट्रॉय यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी झेप होती. आता ३८ राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी हवी होती, सात वर्षांच्या आत. मिळाली सोळांची. एका मतदारसंघात बसगाड्या नेता येतात, अडतीस विधिमंडळांत नेता येत नाहीत. आणि नोंदणी कितीही वाढवली तरी, डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन सिनेटर वाढणार असतील तर त्याला मत द्यायला रिपब्लिकन विधिमंडळाला कारण काय?

साधं बहुमत पुरेल असं काहीतरी मागा, हे हॉब्सन यांचं म्हणणं तेव्हा लोकांना आठवलं. हॉब्सन स्वतः ते ऐकायला नव्हते, १९७७ मध्ये कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला होता. माझं मत विचाराल तर १९७१ पुरते फाँट्रॉय बरोबर होते. खुर्ची नाकारली असती तर मॅकमिलन आणखी काही वर्षं बसले असते. पण खुर्ची स्वीकारल्याने प्रश्न मिटल्यासारखा दिसू लागतो, हा हॉब्सन यांचा इशारा पुढच्या पन्नास वर्षांनी खरा ठरवला.

फाँट्रॉय वीस वर्षं त्या खुर्चीवर होते. किंग यांच्या हत्येची चौकशी करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासात चर्चेला म्हणून गेले आणि उठायला नकार देऊन अटक करून घेतली, त्यातून देशभर वर्णद्वेषविरोधी निदर्शनांची लाट आली. त्या दिवशी दूतावासात त्यांच्याबरोबर वकील एलेनॉर होम्स नॉर्टनही होत्या. बाकीचे आत बसले, आणि त्या बाहेर येऊन पत्रकारांना काय चाललंय ते सांगू लागल्या. १९९० मध्ये फाँट्रॉय महापौरपदासाठी उभे राहिले आणि पक्षांतर्गत फेरीतच पडले. रिकामी झालेली खुर्ची नॉर्टन यांनी जिंकली.

१९९३ मध्ये सभागृहाने या बिनमताच्या प्रतिनिधींना अर्धवट मत दिलं. सभागृह जेव्हा समितीच्या रूपात बसून दुरुस्त्यांवर विचार करतं, तेव्हा त्यांनी मत द्यावं. मात्र त्यांच्या मतांमुळे निकाल बदलत असेल तर लगेच त्यांना वगळून पुन्हा मतदान घ्यावं. म्हणजे मत चालेल, पण उपयोगी पडलं तर बाद. १९९५ मध्ये रिपब्लिकन बहुमत आलं आणि हेही गेलं. २००७ मध्ये परत आलं, २०११ मध्ये पुन्हा गेलं, २०१९ मध्ये पुन्हा आलं. शहराची जुनी गाऱ्हाणी २००० पासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापली जातात : प्रतिनिधित्वाविना कर.

२६ जून २०२० रोजी वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा देणारं विधेयक प्रतिनिधिगृहात पहिल्यांदा मंजूर झालं, २३२ विरुद्ध १८०. विधेयक नॉर्टन यांचं होतं. सिनेटने ते चर्चेला घेतलं नाही. दहा महिन्यांनी, २२ एप्रिल २०२१ रोजी, ते पुन्हा मंजूर झालं, २१६ विरुद्ध २०८. दोन्ही दिवशी नॉर्टन सभागृहात बोलल्या, आणि दोन्ही आकड्यांत त्यांचं मत नाही.